एकसष्ट नंबरचा डबा आणि ओल्या चादरी

रुग्णालयात पाच मजले, दोनशे चाळीस खाटा, प्रत्येक खाटेच्या उशाशी घंटेचे एक बटण, आणि त्या घंटांचे निरोप हवेतून हातोहात पुढे पोचवणारे ब्याण्णव डबे. मित्रांनो, त्यांतला एकसष्टावा मी. मी एक जुना, पिवळा पडलेला, एक अँटेना वाकलेला डबा आहे. आणि खरे सांगायचे तर फार दमलेला आहे.

नऊ वर्षांपूर्वी इंजिनिअर बाईंनी मला चौथ्या मजल्याच्या बोळात बसवले. गुडघ्याइतक्या उंचीवर, कारण प्लग तिथेच होता. आमच्या निरोपांना ठरलेला रस्ता नसतो. सिस्टरच्या टेबलाकडे जवळची वाट कोणाकडून जाते, हे आम्ही शेजाऱ्यांना सारखे विचारत असतो. समोरच्या भिंतीवरचा बासष्ट ही माझी जवळची वाट; माझ्या बाजूचा साठ ही लांबची. एक वाट अडली की पापणी लवायच्या आत मी दुसरी धरायचो आणि तसे सर्वांना कळवायचो. "हा सगळ्यांत चपळ," बाई म्हणायच्या. मी फुगून जायचो.

दोन वर्षांपूर्वी धुलाईखान्यातले चादरी वाळवायचे यंत्र बंद पडले. तेव्हापासून रोज सकाळी अकराला ओल्या चादरींच्या सव्वीस ट्रॉल्या माझ्यासमोरून गच्चीच्या लिफ्टकडे जातात. पाणी आमचा आवाज पिऊन टाकते. ट्रॉली आली की बासष्ट दिसेनासा होई, मी साठकडे वळे. ट्रॉली जरा सरकली की पुन्हा बासष्टकडे; एकेका ट्रॉलीमागे हे पंधरा-सोळा वेळा होई. प्रत्येक वेळी सर्वांना कळवणे आले. माझ्या त्या कळवण्यानेच हवा इतकी भरून जाई की कळवलेले वेळेवर कुणाला ऐकूच येत नसे.

घंटा उशिरा वाजू लागल्या. मग सिस्टर येत, माझा प्लग काढत, दहा आकडे मोजत आणि पुन्हा लावत. प्रेमानेच करत. पण जागा झालो की मला काहीच आठवत नसे. पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना विचारा.

चौथ्या मजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. दम्याचे. ते म्हणत, "सिस्टर, तुमच्या घंटेपेक्षा माझा खोकला लवकर पोचतो."

"मग खोकत राहा आजोबा, तो तरी बंद पडत नाही," सिस्टर म्हणत.

एका सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी आजोबांना श्वास पुरेना. त्यांनी बटण दाबले. निरोप माझ्याकडे आला. समोर ट्रॉली होती, म्हणून मी तो साठला दिला. साठच्या हिशेबी जवळची वाट अजून माझ्याकडूनच होती, कारण माझा बदल त्याला कळलाच नव्हता. त्याने तो मला परत दिला. हा घे, नाही, तूच घे. सोळा हात बदलले की निरोप टाकून द्यायचा, असा आमचा नियम आहे. मी तो टाकला.

आजोबा औषध घ्यायला स्वतः उठले, पडले, मनगट मोडले. मेट्रन बाईंनी सिस्टरकडून लेखी जबाब मागितला. घंटा वाजली नाही, हे कुणाला पटेना. बटण दाबल्याची नोंद तर होती. सिस्टरची नोकरी जायची वेळ आली.

इंजिनिअर बाई माझ्यासमोर स्टूल टाकून दोन दिवस वही घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काल याने चारशे अकरा वेळा वाट बदलली. आणि मधेच तो बंद-चालूही झालाय."

सिस्टरचा चेहरा उतरला. "ते मी केलं. रोजच करते. म्हणजे माझ्यामुळेच...?"

बाईंनी वाकून माझ्या पाठीवरची धूळ पुसली. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली होती : 'अडकल्यास बंद करून चालू करा.'

"अक्षर माझं आहे, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आणि इतकं चपळही मीच केलं त्याला. जबाबात हे मी लिहिते. तुम्ही फक्त घंटा वाजली नाही एवढंच लिहा."

त्यांनी चिठ्ठी खरवडून काढली, मला दारावरच्या चौकटीइतके उंच बसवले आणि नवा नियम शिकवला : वाट अडली तर लगेच सोड, पण परत आलेल्या वाटेवर तीन मिनिटे विश्वास ठेवू नकोस.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पळायला शिकवता, तसे थांबायलाही शिकवा. आणि आम्ही चुकलो तर प्लग काढण्याआधी एकदा आमच्यासमोर काय येते-जाते ते बघा.

दुसऱ्या दिवशी अकराला ट्रॉल्या निघाल्या. मेट्रन बाई सिस्टरच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. प्लास्टरातल्या हाताशी घड्याळ धरून आजोबांनी दुसऱ्या हाताने चाळीस वेळा बटण दाबले.

चाळीस निरोप पोचले. सर्वांत उशिरा आलेल्याला एक पूर्णांक आठ दशांश सेकंद लागले. त्या तासात मी वाट तीन वेळा बदलली.