साखर दोनशे शहाऐंशी

"हात लावा! लाजू नका, मानेला हात लावा! गाठ आहे?"

"नाही!"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कॅन्सर!"

"आणि त्यांचं यंत्र? यंत्राला नुसती गाठ दिसते. मला गाठीचं मन दिसतं!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मंचावर पूडवाले बाबा हात उंचावून उभे. खुर्चीत मान वाकवून बसलेली बाई माझी ताई. मी मागच्या भिंतीला टेकलेला. गाठीला मन असतं, हे बारा वर्षं स्कॅन काढूनही मला कळलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी ताईचा पहिला स्कॅन मीच काढला. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मान, काख, छाती. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, औषधांना चांगली दाद देतो, आठवड्याभरात सुरू करू. ताई फिरकलीच नाही. बाबांच्या पुडीने आठ दिवसांत गाठ विरघळली, मग येईल कशाला?

आता बाबांनाच नवा स्कॅन हवा होता. भिंतीवर लावायला. म्हणून ती आली.

*स्कॅनपूर्व अर्ज. भरणारा: तंत्रज्ञ (रुग्णाचा भाऊ).*

*सहा तास उपाशी आहात का?*

"आहे रे. पोटात कावळे ओरडताहेत. हल्ली भूकच आवरत नाही. गाल बघ कसे भरलेत!"

*मधुमेह आहे का?*

"आपल्या घरात कुणाला आहे?"

*सध्या कोणती औषधे चालू आहेत?*

"काही नाही."

मी 'नाही'वर खूण केली.

मग बोटातून रक्ताचा थेंब. या तपासणीत आम्ही शिरेतून किरणोत्सारी साखर सोडतो. कॅन्सरच्या हावरट पेशी ती ओढून घेतात आणि पडद्यावर उजळतात. रक्तातच साखर जास्त असली तर चित्र फसवं येतं. म्हणून आधी थेंब.

२८६.

दुसरं बोट.

२९१.

"ताई, औषध कोणतं घेतेस?"

"सांगितलं ना, काही नाही."

"आणि पूड?"

"ते औषध होय? ती कृपा आहे."

"दिवसातून किती वेळा कृपा होते?"

"चिमूटभर सकाळी, चिमूटभर संध्याकाळी. चेष्टा करू नकोस."

मी खूण खोडली. चूक तिची एकटीची नव्हती. पूड चालू आहे हे मला ठाऊक होतं. मीही ती औषधात धरली नव्हती. तिच्याकडची पूड मागून घेतली आणि प्रयोगशाळेत पाठवली.

*पुडीचा तपासणी अहवाल: साखर, हळद, स्टेरॉइड.*

"यानं लिम्फोमाच्या गाठी खरंच झपाट्यानं आकसतात," डॉक्टर म्हणाले. "आम्हीही देतो, पण इतर औषधांच्या जोडीला. एकट्यानं रोग मरत नाही, थोडे दिवस दबतो. भूक, भरलेले गाल, रक्तातली साखर, सगळी त्याचीच करणी."

"आजच फेकते ती पूड," ताई म्हणाली.

"एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल. आम्ही हळूहळू कमी करू."

साखर आटोक्यात आल्यावर स्कॅन काढला. मान जवळजवळ अंधारी. पण पोटातली प्लीहा उजळलेली. कंबरेची हाडं उजळलेली.

"मागच्या वेळी एवढं नव्हतं," ताई पडद्याकडे बघत म्हणाली.

"नव्हतं."

"उपचार आहेत," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा दिला होता तो भरवसा आज देता येत नाही."

बाबांकडे एक बाई मुलीच्या काखेतली गाठ दाखवायला यायची. केमोच्या पहिल्या सलाइनच्या खुर्चीतूनच ताईनं तिला फोन लावला.

"पुडीत स्टेरॉइड आहे गं. मुलीला घेऊन इथे ये. पूडही आण. मनानं बंद करू नकोस."

"पण तुमची गाठ गेली ना? आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"गेली नव्हती. दडली होती."



"बाबांना विचारून सांगते."

फोन बंद. ताईनं पुन्हा लावला.

वाचणाऱ्यांनो, गुण आला का, एवढ्यावर थांबू नका. कशानं आला, ते विचारा. पूड तपासून घ्या. आणि डॉक्टर औषधं विचारतील तेव्हा चिमूट, थेंब, मंतरलेलं पाणी, सगळं सांगा. श्रद्धा तुमची असेल, रक्ताला कृपा आणि औषध वेगळं कळत नाही.

रिंग वाजतेय. ती बाई अजून उचलत नाहीये.