कोहारूला नेणारा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. तरी माझं थोडं ऐकून घ्या.

जपानच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयासाठी जहाजं बांधणाऱ्या कारागिराने मला घडवलं. आतल्या जिवाला खरचटू नये म्हणून त्याने माझी एकेक कड घासून गुळगुळीत केली. चीनहून एक पांडा मादी माझ्यात बसून इथे आली, तेव्हा लोकांनी मलासुद्धा लाल-पांढरी फीत बांधली होती. पुढे तिला कोहारू नावाची लेक झाली आणि माझी रवानगी कोठारामागे झाली. तिथे मी गंज खात पडलो. मांजरींनी माझ्यात बाळंतपणं उरकली.

मग चीनने पांडा उसने दिल्याचा करार संपला. कोहारूला चीनला पाठवायचं ठरलं आणि मला खरवडून, रंगवून बाहेर काढलं. संत्र्यांच्या बागेतली ओकुबो आजी रोज सकाळी कोहारूला बघायला यायची. मला पाहताच ती कडाडली, "हाच का तो मेला? समुद्रात बुडवा त्याला!"

कोहारूला लहानपणापासून वाढवलं होतं इथे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या शिओमीने. "कोहारू, ये गं," अशी तिची हाक आली की कोहारू पहिल्याच दिवशी माझ्यात शिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिओमी मात्र गंभीर झाली. मागे ती बहिणीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा कोहारूने बांबूच्या पाल्याला तोंड लावलं नव्हतं.

"तिकडे हिला हाक कोण मारणार? उपाशी मरेल ही," ती म्हणाली.

कोहारूला न्यायला चीनहून तिथला पांडांची देखभाल करणारा लुओ आला. त्याला मोडकंतोडकं जपानी येत होतं. शिओमीने त्याला सांगून टाकलं, "आजपासून हाक तुमची. मी तिच्यासमोर तोंड उघडणार नाही."

"अहो, थोडं थोडं कमी करू की!"

"थोडं थोडं मला जमायचं नाही. एकदा बोलले तर बोलतच राहीन."

लुओ मक्याची वाफवलेली भाकर घेऊन माझ्याजवळ बसे आणि "लाय, लाय" म्हणजे 'ये, ये' अशी हाक मारी. कोहारू त्याच्याकडे पाठ फिरवून शिओमीच्या बाजूच्या गजांना नाक लावून उभी राही. शिओमी मुकाट्याने झाडत राही.

"काय गं ही दगडाच्या काळजाची!" ओकुबो आजी कुंपणाबाहेरून ओरडली. "चार दिवसांची पाहुणी ती. दोन शब्द बोललीस तर जीभ झडेल का तुझी?"

शिओमीने मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र ती माझ्या पत्र्याला टेकून बसली आणि तोंडात पदरासारखा गळ्यातला टॉवेल कोंबून रडली. मला तिची फार कीव आली. मीही मनाशी गाठ बांधली, की काही झालं तरी आपलं दार करकरू द्यायचं नाही. कोहारू बिचकली तर या पोरीचं सगळं मौन पाण्यात जाईल.

कोहारू दोन दिवस रुसून जेवली नाही. लुओ घाबरला, पण शिओमी हटली नाही. मग एका सकाळी लुओची हाक ऐकून कोहारू डुलत डुलत माझ्यात आली आणि तिने भाकरीचा तुकडा उचलला. शिओमीने झाडू घट्ट धरला.

निघायच्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी! पण शिओमीने विनवलं होतं म्हणून कुणीही हाक मारली नाही. आमचा ट्रक हलला तशी माणसं नुसती कमरेत वाकली. ओकुबो आजीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

चीनमधल्या नव्या घरी कोहारू कोपऱ्यात जाऊन बसली. लुओने हाक मारली. बराच वेळ ती हलली नाही. मग उठली, आली आणि खाऊ लागली. लुओने घाईघाईने शिओमीला व्हिडिओ फोन लावून पडदा कोहारूकडे वळवला.

"बघा, जेवतेय! बोला ना आता, बोला तिच्याशी!"

पडद्यावर शिओमीचे डोळे भरून वाहत होते. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. कोहारूचं पोट भरेपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली आणि एक शब्दही न बोलता तिने फोन ठेवला.

मित्रांनो, वर्षातून एकदा मला तेल द्या, एवढंच माझं मागणं. आणि कुणाला जीव लावाल तर भरभरून लावा. पण आपण नसतानाही त्याच्या घशाखाली घास उतरेल, एवढं मात्र त्याला शिकवून ठेवा.