भारतीवहिनींचं जिवंत वाण

सिल्वासात, टोकरखाड्याच्या कॉलनीत संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे प्लास्टिकचं प्रदर्शनच असायचं. निम्म्या बायकांचे नवरे प्लास्टिकच्या फॅक्टरीत, मग दुसरं काय लुटणार? साबणदाण्या, गाळण्या, चमच्यांचे स्टँड. सगळं एका बाजूने जरा वाकडं, म्हणूनच तर मालकाने घरी न्यायला दिलेलं. उषाताईंचे यजमान नरोलीला मोल्डिंगमध्ये मोठे साहेब. त्यामुळे त्यांचं वाण सगळ्यात भारी, म्हणजे सगळ्यात कमी वाकडं.

त्र्याण्णव साली उषाताईंच्याच घरी, हातात गाळणी पडली आणि भारतीवहिनींची जीभ सुटली. "पुढच्या वर्षी माझ्याकडे या. जिवंत वाण देते! आमच्या नाशकात नाही बाई असलं काही लुटत."

"येऊ की," उषाताई म्हणाल्या. "कोंबड्या देणार का?"

बायका अशा हसल्या की नारळीच्या झाडावरचे कावळे उडाले. झालं! आता आख्ख्या नाशिकची अब्रू भारतीवहिनींच्या पदरात.

वहिनींनी पुण्याच्या नणंदेकडून शोभेच्या मिरचीचं बी मागवलं. पाकिटावर काय ते चित्र! एकाच रोपावर जांभळ्या, पिवळ्या, केशरी, लाल मिरच्या, आणि सगळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या, जणू वर कोणाशी भांडण काढलंय. श्रावणात हौसेने बी पेरलं. कोंब आले, ओल धरली, बुडाशी कुजले आणि सगळ्यांनी एकदम माना टाकल्या.

उषाताईंचं कुंपणावरून लक्ष होतंच. "झोपली वाटतं पोरं? गाळण्या आहेत हं आमच्याकडे, लागल्या तर सांगा."

मग प्रमोदराव, भारतीवहिनींचे यजमान, मैदानात उतरले. गलोंड्याला धाग्याच्या फॅक्टरीत प्रोडक्शन मॅनेजर. गवत कुठलं आणि कोथिंबीर कुठली हे त्यांना कळत नसे, पण टेम्परेचर कळायचं. "बियांना खालून ऊब पाहिजे," असं म्हणून त्यांनी नवरात्रात नव्याने पेरलेला ट्रे थेट टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर ठेवला.

आता स्टॅबिलायझर तापायचा तर टीव्ही चालू पाहिजे. मग काय, सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही सुरू. बातम्या, गुजरातीतला शेतीचा कार्यक्रम, काही नसलं तर नुसत्या मुंग्या, सगळं त्या बियांनी बघितलं. पाणी घालताना प्रमोदराव रबरी चपला घालायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. रोपं उगवली ती 'केम छो' म्हणतच, असं अजून कॉलनीत सांगतात. आता इतकी माणसं खोटं कशाला बोलतील?

पण मिरच्या धरल्या हो! रथसप्तमीच्या आधी वहिनींनी बायकांना बोलावलं. हॉलमध्ये मातीच्या छोट्या कुंड्या मांडलेल्या, प्रत्येकीत रंगीत दिवाळी. बायका बघतच राहिल्या. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ झाला. वहिनींनी पहिली कुंडी उषाताईंपुढे धरली.

उषाताईंनी हात मागे घेतला. "एका हाताने तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायचं, आणि दुसऱ्या हाताने मिरची? वहिनी, हे वाण आहे की दृष्ट काढायचं सामान?"

कोणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं, वहिनींच्या तर नाहीच नाही. पुढे आलेले सगळे हात पदराखाली गेले. "सासूबाई घरात घेणार नाहीत बाई," कोणीतरी पुटपुटलं.

"अहो, ही शोभेची!" वहिनी म्हणाल्या. "तिखट नसतेच मुळी." हे त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

"मग खाऊन दाखवा."

वहिनींनी एक जांभळी मिरची तोडली आणि चावली. आधी कानातलं तापलं. मग नथ. डोळ्यांतून अशी धार लागली की दमणगंगेचं पाणी चढलं असेल. पण वहिनी हसत होत्या. "गोड आहे," त्या म्हणाल्या.

"मग रडता का?"

"सणाचा दिवस. आईची आठवण आली."

"उषाताई, तुम्ही पण घ्या की," मागून आवाज आला. माघार घेतील त्या उषाताई कसल्या! त्यांनी चांगली लालबुंद बघून तोंडात टाकली. तिखट आहे म्हणून ओरडायचं, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. पण ओरडायला आवाज तर पाहिजे? तोंड उघडलं, वाफ तेवढी निघाली. मान मात्र खालीवर, खालीवर.

"बघा, उषाताईंनाही आवडली!" बायका म्हणाल्या, आणि बघता बघता कुंड्या संपल्या. कोणी दोन उचलल्या, तेही दिसलं.

शेवटची बाई फाटकाबाहेर गेली तशा दोघी स्वयंपाकघराकडे धावल्या. गुळाच्या डब्यात दोन हात एकदमच शिरले. बराच वेळ नुसतं चोखणं आणि नाक ओढणं.

"खोटारड्या आहात," आवाज परत आल्यावर उषाताई म्हणाल्या.

"घ्या अजून एक खडा."

उषाताईंनी घेतला. डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "एखादं रोप उरलंय का हो?"

"तुम्हाला कशाला?"

"रविवारी माझी नणंद येतेय."