समाधानच्या रक्तातली पांढरी पेशी

मी समाधानच्या रक्तातली एक पांढरी पेशी बोलतेय. माझं वय जेमतेम एक दिवस. हसू नका, आमच्यात हे उतारवय आहे.

कमरेच्या हाडात माझा जन्म झाला, तोही घाईगर्दीत. समाधान तापाने फणफणून आकुर्डीच्या दवाखान्यात पडला होता, म्हणून आम्हा अर्ध्याकच्च्यांनाही रक्तात ढकललं. मी कानाच्या पाळीतून जात होते, तेव्हा त्याची बायको नेहा विचारत होती, "हात कापला तवाच सांगायचं न्हाई का?"

"बोर्ड शून्यावर आला असता. कामावरच्या पोरांना काय तोंड दाखवलं असतं?"

"अन् माझ्याकडं कोण बघायचं?"

चाकणच्या त्याच्या कारखान्यात 'अपघाताविना किती दिवस' असा बोर्ड आहे. तीनशे भरले की सगळ्यांचा सत्कार. दोनशे शहाण्णवाव्या दिवशी पत्र्याने त्याचा तळवा कापला. गड्याने मशीन पुसायच्या तेलकट चिंध्यांनी हात बांधला, वर हातमोजा चढवला आणि शिफ्ट पूर्ण केली. सत्काराच्या दिवशी त्याला उभं राहवेना.

आमच्या पोतडीत इलास्टेज नावाचं विकर असतं, जंतू कापणारी कात्रीच म्हणा. ती जखमेपुरती चालली तर ठीक. पण जंतू रक्तात शिरले आणि आम्ही असंख्य जणींनी दिसेल तिथे पोतड्या रिकाम्या केल्या. मीही अर्धी ओतली. रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे होतात आणि जखमेवर जाळं विणतात. आमच्या कात्रीने तेही कापलं. रक्त नको तिथे गोठू नये म्हणून राखण करणारं प्रथिनही सुटलं नाही. मग बारीक नळ्यांत गुठळ्या झाल्या, आणि सुई टोचली तिथलं रक्त मात्र थांबेना.

"उद्यापर्यंत काही सांगता येत नाही," डॉक्टर नेहाला म्हणाले. मला माझीच लाज वाटली. ज्याला वाचवायला आले, त्याच्याच जिवावर उठले होते.

त्यांनी जखम उघडून पू धुतला, सलाईनमधून औषधं दिली, कापली गेलेली प्रथिनं भरून काढायला दात्यांच्या रक्तातला पिवळा द्रव चढवला. हळूहळू जंतू हटले, आम्हाला लढायला बोलावणाऱ्या रासायनिक हाकाही कमी झाल्या.

मघाशी नर्सने दंडावर सुई टोचलेल्या जागेचा कापूस काढला. तो कोरडा होता. नेहाने तो दोनदा निरखून पाहिला आणि तेव्हा कुठे ती रडली.

माझी उरलेली अर्धी पोतडी तशीच बंद आहे. वय झालं म्हणून थोड्या वेळाने प्लीहेतल्या थोराड पेशी मला गिळतील, त्याचं दुःख नाही. एवढंच सांगते, हात कापला तर त्याच दिवशी सांगा. थोडं काम असलं की आम्ही शहाण्यासारख्या वागतो.