मावशींचा खुंटा

मी खुंटा बोलतोय. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर पट्टी-पेन्सिलच्या खुणा पुष्कळ झाल्या, पण अक्षर कुणी गिरवलं नाही. वर्कशॉपमध्ये कानावर पडले तेवढेच साधे शब्द माझ्याजवळ आहेत.

वस्तू डिझाइन करायला शिकणाऱ्या दोघांनी मला घडवलं. एक बडबड्या, दुसरी चष्मेवाली. रोजची एखादी अडचण सोडवा, असं सरांनी सांगितलं होतं. अडचण कॉलेजच्या मागच्याच गल्लीत निघाली. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या बोटांचे सांधे सुजलेले, आणि औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट.

"बोटांचं औषध, आणि उघडायला बोटंच हवीत! ज्याने ही बाटली केली त्याला कोपरापासून नमस्कार," मावशी म्हणाल्या. शेजारच्या वहिनी कामावरून येऊन झाकण उघडून देईपर्यंत त्या रोज दुखणं दाबून बसत.

मग मी झालो. जाडजूड, खरबरीत लाकूड. खाली खोलगट खाच, तिला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर. झाकणावर बसवायचं आणि तळहाताने फिरवायचं. मावशींनी फिरवलं. टक्! झाकण निघालं. त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तीनदा.

"आता वहिनींना म्हणावं, सावकाश या!"

माझं आयुष्य तिथेच थांबायला हवं होतं.

पण सर म्हणाले, "चालतो ठीक, पण दिसतो कसा! तंबूचा खुंटा जणू." नाव तेव्हाच पडलं. दोघांनी मला तासून बारीक केलं, वर पॉलिशचे चार हात दिले. सुजलेल्या बोटांचा अंदाज यावा म्हणून जाड हातमोजे घालून मला फिरवून पाहिलं. हातमोज्यांच्या तळव्याला रबराचे दाणे होते. साहजिकच मी घसरलो नाही. एवढी शिकलेली पोरं, पण हे दोघांच्याही लक्षात आलं नाही! कॉलेजच्या स्पर्धेत मला पहिला नंबर मिळाला.

बक्षिसानंतर मला मावशींकडे नेलं. त्यांनी फिरवलं, मी घसरलो. पुन्हा घसरलो. मावशींनी ओठ चावला आणि हात हळूच टेबलाखाली नेला. समोर पोरांचे फुललेले चेहरे. त्यांना दुखवायचं कसं?

"दिसायला छान आहे हो," त्या म्हणाल्या.

बडबड्याने कागदावर लिहिलं, 'छान'. 'दिसायला' तेवढं गाळलं. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कंठ कुठला?

आता मी काचेच्या कपाटात असतो. खाली पाटी आहे, 'मावशी झाल्या स्वावलंबी'. काल संध्याकाळी दोघं कपाटापाशी उभे होते.

"मावशी विचारत होत्या, तो आधीचा जाडा देता का म्हणून," चष्मेवाली म्हणाली.

"अगं, त्यालाच तासून हा केला ना! आता कुठून आणू?"

मावशी तिकडे वहिनींची वाट बघत असतील, आणि मी इथे चकाकतोय. पोरांनो, मला मऊ फडक्याने पुसू नका. कानस घ्या, खरवडा मला. नाहीतर नवा करा, ओबडधोबड. पण या वेळी 'कसा आहे' असं विचारू नका. मावशींच्या हातांकडे बघा.

आज सकाळी सरांनी नव्या मुलांसमोर मला बाहेर काढलं. "बघा, हातात कसा बसतो!" असं म्हणून त्यांनी मला उंच धरलं. हातात हातमोजा नव्हता. मी अंग सैल सोडलं आणि नेमका त्यांच्या पायावर पडलो.