पायरीबाईचा ओटा

"या एका ओट्यापायी आमच्या दोन रांगा गेल्या बघ," लिफ्टमध्ये दाटीवाटीने उभा असलेला खुर्च्या बसवणारा आपल्या जोडीदाराला सांगत होता. "आणलेल्या खुर्च्या गोदामात धूळ खातायत. म्हणे कुणा बाईच्या डोक्यातून निघालं."

"बाईच्या डोक्यातून काय निघेल, सांगता येत नाही," जोडीदार म्हणाला.

ती बाई त्याच्या कोपराला कोपर लावून उभी होती. दोन्ही हातांत धाकट्या भावाच्या चाकांच्या खुर्चीच्या मुठी, आणि पाठीशी पिशवी पोटाशी धरून आई. भावाने मान खाली घातली होती; खांदे गदगदत होते म्हणून हसतोय हे कळलं.

"कोण हो ती बाई?" त्याने अगदी भोळेपणाने विचारलं.

"साहेबांच्या ऑफिसात आहे कुणी. पायरीबाई म्हणतात."

"भलतीच हट्टी दिसते."

"तर काय."

लिफ्ट थांबली. पायरीबाईने भावाच्या मानेला हळूच चिमटा काढला आणि खुर्ची बाहेर ढकलली.

हे नाव तिला नकाशे काढणाऱ्या तिच्या ऑफिसने दिलं होतं आणि ते तिने केव्हाच पदरात घेतलं होतं. स्टेडियमचं छप्पर थोरल्या साहेबांचं. खांबांचा आधार न दाखवता मैदानावर झेपावलेलं, मासिकांच्या मुखपृष्ठावर मिरवणारं. पायरीबाईच्या वाट्याला नेहमी पायऱ्या, कठडे, बाहेर पडायच्या वाटा आणि स्वच्छतागृहं. तिची तक्रार नव्हती. छपराकडे माणूस बघतो खरा, पण ठेचकाळतो पायरीवर.

प्रेक्षकांचा स्टँड उभा कापल्यासारखा दाखवून नकाशा काढतात. पायऱ्यांवर माणसं बसवतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यापासून मैदानापर्यंत एक रेघ ओढतात. ती पुढच्याच्या डोक्यावरून सुटली की काम झालं. चाकांच्या खुर्च्यांसाठी मागे ओटा ठेवला होता. तिथूनही रेघ सुटत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही.

मग एका सुट्टीच्या दुपारी घरी चुलतभावंडं जमली होती, टीव्हीवर मॅच लागली होती. गोल झाला आणि घर उठून उभं राहिलं. मागून धाकट्याचा आवाज आला, "कुणी मारला? अरे सांगा ना, कुणी मारला?" पायरीबाईने वळून पाहिलं. त्याच्या आणि टीव्हीच्या मध्ये पाठीच पाठी होत्या, आणि त्यात सगळ्यात रुंद पाठ तिची होती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, आपल्या नकाशातली माणसं कधी उठतच नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"गोल झाल्यावरसुद्धा बसूनच असतात. खऱ्यात कोण बसतं? मग मागच्या ओट्यावरच्याने काय बघायचं, लोकांच्या पाठी?"

साहेबांनी नकाशा जवळ ओढून त्या कागदी माणसांवरून बोट फिरवलं. "आपण सगळेच यडे," ते शेवटी म्हणाले. "किती वर घ्यावा लागेल ओटा? दोन रांगा तरी जातील. मालक मला फाडून खातील." आणि मग तेच मालकांशी भांडायला गेले.

उंचीचा हिशेब पुस्तकातून मिळाला असता. पायरीबाईला तो पुस्तकातला माणूस नको होता. ती टेप घेऊन घरी आली आणि भावाला म्हणाली, "ताठ बस रे. तुझ्या खोलीत आरसा लावायचाय, डोळ्यांची उंची घेते." त्याने मुकाट्याने घेऊ दिली. आरसा काही आला नाही.

उघड बोलायची त्या घराला चोरी होती. धाकटा एके काळी गावच्या संघाचा गोलकीपर. मोटरसायकल घसरली, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी आईला आणि तिला सांगितलं, पायांत पुन्हा जोर यायचा नाही. घरी येईपर्यंत त्याचं "जरा वेळ लागेल" झालं. पुढे त्याचं "तू उठलास की" झालं. तू उठलास की अमुक करू, तू उठलास की तमुक. आई अजून त्याच्या खेळायच्या बुटांना तेल लावायची, नाड्या बदलायची. धाकटा म्हणायचा, "हो, आई." याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

आज स्टेडियमची चाचणी होती. कामगारांचा संघ विरुद्ध ऑफिसचा संघ, आणि बघायला सगळ्यांची घरची माणसं. ओट्यावर पोचल्यावर आईने आधी खालच्या हिरवळीकडे पाहिलं, मग वरच्या छपराकडे, मग लेकीकडे. "एवढं सगळं तू केलंस?"

"नाही गं. तू जिथे उभी आहेस, तेवढंच."

मॅच म्हणजे नुसती धावपळ होती. साहेब हाफपॅंटमध्ये बॅकला उभे होते आणि चेंडू आला की त्याला रस्ता देत होते. पायरीबाईचं खेळात लक्ष नव्हतं. लिफ्टमधला तो धिप्पाड खुर्च्या बसवणारा समोरच्याच रांगेत होता; तो उठला तर काय होईल, एवढंच ती पुन्हा पुन्हा डोळ्यांनी मापत होती.

मग कामगारांच्या एका वेल्डरने उजवीकडून चेंडू काढला. आवाज चढू लागला. रांगा हलल्या, आणि बघता बघता अख्खा स्टँड उठला. धिप्पाड गडी दोन्ही हात वर करून उभा, त्याचा जोडीदार माकडासारखा त्याच्या गळ्यात पडलेला. छपराखाली असा काही गजर झाला की पायरीबाईला तो तळपायांतून जाणवला. तिने मैदानाकडे पाहिलंच नाही. ती भावाच्या डोळ्यांकडे बघत होती.

ते डोळे डावीकडे सरकले, क्षणभर थांबले, आणि खाली जाळीत जाऊन टेकले.

"कीपर गाढव आहे," धाकटा म्हणाला. "आधीच झुकला. वेल्डरचा पाय बघायला हवा होता त्याने."

पायरीबाईने कठडा घट्ट धरला.

"ताई, आरसा मस्त लागलाय," तो म्हणाला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"टेप लावलीस तेव्हाच. आरशासाठी कुणी तीनतीनदा मोजतं का गं?"

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम आवरेनात. पुढचा धिप्पाड गडी वळला, खुर्चीकडे, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहून ओशाळला. "दिसलं का भाऊ नीट?"

"तुमच्या डोक्यावरून. मोकळ्या रस्त्यासारखं."

"मग गेल्या रांगा तर गेल्या," तो म्हणाला, आणि पायरीबाईला त्याने चक्क सलाम ठोकला.

आई अजून उभीच होती, टाळ्या वाजवून हात लाल झालेले. "तू उठलास ना," ती धाकट्याकडे वाकून सवयीने म्हणाली, "की दाखव त्या कीपरला, कसं अडवायचं ते."

पायरीबाईने नेहमीच्या उत्तराची वाट पाहिली. धाकट्याने आईचा लालबुंद हात हातात घेतला.

"आई, मी आता उठणार नाही. तुलाही ठाऊक आहे, मलाही. ते बूट त्या कीपरला देऊन टाक, त्याच्या पायातले फार घसरतायत. आणि बस आता, मॅच पुन्हा सुरू झाली."