आठ खिशांचा तक्ता

“खाली बघू नकोस गं! खाली बघशील तर खालीच जाशील. पुढे बघ!”

जिन्याखालची सायकल पुसताना इंग्रजीच्या बाईंना सासूबाईंचा हा आवाज रोज ऐकू येई. सासूबाई नर्स होत्या. पंचवीस वर्षं याच सायकलवरून त्या घरोघरी बाळंतिणींना तपासायला गेल्या. सुनेलाही त्यांनी शिकवायला घेतलं, पण सून दोनदा कुंपणात जाऊन पडली आणि तिने कानाला खडा लावला. “शिकेन हो आई, नक्की शिकेन,” म्हणून दर वेळी वेळ मारून नेली. सासूबाईंना जाऊन आता वर्ष झालं होतं. सायकल पुसायचा आणि चाकांत हवा भरायचा नेम बाईंनी एक दिवस चुकवला नव्हता. बसायची छाती मात्र होत नव्हती.

“अगं, किती पुसशील? रंग जाईल तिचा,” नवरा जिन्यावरून म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा हो. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.”

“घुमी का?”

“दुसरं कोण!”

घुमी हे तिसरीच्या वर्गातल्या मुलीला मुलांनी ठेवलेलं नाव. ते घरातही रुळलं होतं, आणि उच्चारलं की बाईंना मागाहून लाज वाटे. पण करणार काय? वर्षभर इंग्रजीच्या तासाला पोरीने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. मोठ्या सरांनी सांगूनच टाकलं होतं, “शुक्रवारी माझ्यासमोर दहा वाक्यं बोलली तर ठीक. नाहीतर पुन्हा दुसरीत बसवा.” आज गुरुवार उजाडला होता.

तसं बाईंनी काही बाकी ठेवलं नव्हतं. प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं की हुशारी एकाच जातीची नसते, आठ तऱ्हांची असते. कोणाची शब्दांत, कोणाची आकड्यांत, कोणाची चित्रांत, सुरांत, अंगात, झाडापाखरांत, माणसांत, तर कोणाची स्वतःच्या मनात. ज्याचं जे दार, तिथून इंग्रजीला आत सोडायचं. बाईंना ते मनापासून पटलं. रात्र रात्र जागून त्यांनी जुन्या चादरीचा आठ खिशांचा तक्ता शिवला आणि प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी आपापल्या खिशात टाकली. वर्ग नुसता फुलून आला. गाणारे रंगांची नावं गाऊ लागले, उड्या मारणारे उड्या मारत पाढे म्हणू लागले.

घुमीची चिठ्ठी तेवढी या खिशातून त्या खिशात हिंडत राहिली. मोठ्या बहिणीची सायकल ती वाऱ्यासारखी पळवते म्हणून बाईंनी तिला अंगाच्या खिशात घातलं. तिने दोरीवरच्या शंभर उड्या मारल्या, ओठ मिटून. चित्र काढलं, ओठ मिटून. कुंडीत बी लावलं, तेही ओठ मिटूनच.

गुरुवारी मधल्या सुट्टीत बाई पाणी प्यायला गेल्या आणि मोरीच्या भिंतीआडच थबकल्या.

“नो, नो, मावशी. से अगेन. द ग्लास इज क्लीन.”

“द गिलास इज किलीन.”

“व्हेरी गुड! नाऊ, द बकेट इज…”

“जड!”

“मावशी!”

पालथ्या बादलीवर घुमी बसली होती. समोर शिपाईमावशी पेले विसळत होत्या आणि मन लावून धडा घेत होत्या. धावत जाऊन पोरीला उचलून घ्यावं असं बाईंना वाटलं, पण त्यांनी पाय आवरला. घंटा झाली, पोरगी वर्गाकडे पळाली, तेव्हा त्या पुढे झाल्या.

“मावशी, ही घुमी बोलते?”

“घुमी कसली? ती माझी बाई आहे, बाई! चुकलं की कान धरायला लावते मला.”

“मग वर्गात का नाही बोलत?”

मावशींनी पेला उन्हाकडे धरून पाहिला. “वर्गात तुम्हाला सगळं येतं. तिथं तिच्या बोलण्याचं काय काम? मला काही येत नाही, म्हणून माझ्याशी बोलते.”

बाई दिवसभर त्या वाक्याभोवतीच फिरत राहिल्या.

शुक्रवारी त्या सायकल ढकलत शाळेत आल्या. सगळी शाळा मैदानाच्या कडेला गोळा झाली. बाईंनी घुमीला जवळ बोलावलं.

“मला ही येत नाही. आजवर कोणाला सांगितलं नाही, पण मला भीती वाटते. शिकवशील?”

पोरगी बघतच राहिली.

“आणि हे बघ, आपल्या भाषेत कोणी सांगितलं की मला सासूबाई आठवतात आणि मी पडते. तेव्हा इंग्रजीत सांग.”

इतक्यात मोठे सर वही घेऊन आले. “हे काय चाललंय?”

“परीक्षा, सर.”

“कोणाची?”

“माझी,” बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

मग पोरीने पुढे होऊन सायकलची सीट धरली.

“सिट, टीचर,” आवाज आधी कापला, मग सरळ झाला. “होल्ड द हँडल. नॉट सो टाइट! नाऊ पुश. पुश, पुश!”

सायकल डगमगली. बाईंची नजर चाकाकडे गेली.

“डोन्ट लुक डाउन! इफ यू लुक डाउन, यू गो डाउन! लुक फ्रंट!”

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी मान वर केली, आणि सायकल चालली! दहा हात, वीस हात, थेट मोठ्या सरांच्या रोखाने.

“सर, मूव्ह!” पोरगी गरजली.

सरांनी वहीसकट फुलझाडांत उडी घेतली. बाई त्यांच्याच शेजारी गुडघ्यावर येऊन पडल्या. शाळा हसून हसून लोळली, आणि सगळ्यांत मोठ्याने बाईच हसत होत्या.

सर माती झटकत उठले. “नऊ वाक्यं झाली. दहावं मला उद्देशून होतं. तेही धरतो,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

वर्गात परतल्यावर बाईंनी तक्त्यातली तिची चिठ्ठी काढली, ‘माणसं’ लिहिलेल्या खिशापर्यंत नेली आणि थांबल्या.

“तूच ठेव, तुला हवी तिथे.”

पोरीने आठही खिसे पाहिले, चिठ्ठीची घडी घातली आणि आपल्या गणवेशाच्या खिशात टाकली. मग नव्या कागदावर ‘टीचर’ लिहून ती चिठ्ठी तक्त्यातल्या अंगाच्या खिशात सारली.

“इथे का गं?”

“प्रॅक्टिस, टीचर. मंडे यू कम ऑन सायकल. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना वाटलं, आपण हे दोघींना सांगतोय.

सोमवारी नवरा उठण्याआधीच बाई जिन्याखाली आल्या. गुडघ्यावर पट्टी होती. हवा भरून झाली. पुसायचं फडकं मात्र त्यांनी खुंटीवर तसंच राहू दिलं आणि सायकल रस्त्यावर आणली. कोपऱ्यावर नेहमीची बस त्यांना पाहून थांबू लागली. बाईंनी हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं आणि खाली न बघता पेडलवर पाय ठेवला.